बिल वॉल्टन आधी तोतरा होता हे खरं आहे का? मग तो एवढा मोठा कॉमेंटेटर कसा झाला?

हो, खरं आहे. वयाच्या २८ वर्षांपर्यंत या अमेरिकन बास्केटबॉलपटूला चार लोकांत धड एक वाक्य पूर्ण करता यायचं नाही आणि पुढे त्याच माणसाने माइकवर बोलून घर चालवलं. प्रश्न बघितला आणि राहवलं नाही, कारण मी पण तोतरा आहे आणि मी पण बास्केटबॉल खेळतो.

आधी खेळाडू म्हणून कोण होता ते पटकन सांगतो. ६ फूट ११ इंच, सॅन दिएगोजवळचा पोरगा, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीत जॉन वूडन कोचकडे खेळला, १९७२ आणि ७३ ला लागोपाठ कॉलेजची चॅम्पियनशिप, त्यातल्या ७३ च्या फायनलला २२ शॉट मारले आणि २१ आत, ४४ पॉइंट. १९७४ ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पोर्टलंडने सगळ्यात पहिला त्याला उचलला, १९७७ ला त्याने त्यांना एनबीए, म्हणजे अमेरिकेची मोठी प्रोफेशनल लीग, जिंकून दिली, ते पण फायनलच्या पहिल्या दोन मॅच हरल्यावर सलग चार जिंकून. पण पायांनी साथ दिली नाही. हाडं मोडत राहिली, अख्खे सीझन बसून काढले, सगळ्या करिअरमध्ये रेग्युलर सीझनच्या मॅच भरल्या फक्त ४६८. १९८६ ला बॉस्टनकडून बदली खेळाडू म्हणून बेंचवरून येऊन अजून एक टायटल मिळालं.

आणि हा एवढा मोठा प्लेअर कोर्टबाहेर कुणाशी बोलायचाच नाही. कोर्टवर उतरलं की सगळं ठीक, असं त्याने स्वतः सांगितलंय. मला ते वेगळं समजावून सांगायला नको. डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर मी 'स्विच', 'लेफ्ट लेफ्ट' असं बोंबलायचो, एक अक्षर अडकायचं नाही, आणि खेळून बसमध्ये चढलो की कंडक्टरसमोर 'कोथरूड डेपो' मधला क घशातच बसायचा. आजूबाजूचे बघतायत, कंडक्टर म्हणतोय बोल ना रे पटकन. मग मी 'वनाज' म्हणायचो आणि पुढचं चालत जायचो. दोन वर्षं हे केलंय, आई विचारायची रोज उशीर कसा होतो, तिला पण कधी सांगितलं नाही.

वॉल्टनला २८ व्या वर्षी एका कार्यक्रमात मार्टी ग्लिकमन भेटला. हा न्यूयॉर्कचा फार नावाजलेला कॉमेंटेटर, मूळचा धावपटू, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला अमेरिकेच्या रिले टीममध्ये होता आणि आयत्या वेळी त्याला वगळलं, ज्यू असल्यामुळेच, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. त्याने वॉल्टनला सांगितलं की बोलणं ही जन्मजात देणगी नाही, ते स्किल आहे, जसा शॉट घोटवतोस तसंच हे घोटव. सावकाश बोल, मोठ्याने वाच, जे आवाज अडकतात तेच परत परत म्हण. बस एवढंच, पण खेळाडूला कळेल अशा भाषेत.

मी हे वाचलं तेव्हा २१ चा होतो. स्पीच थेरपिस्टने जवळपास हेच सांगितलं होतं, पण फ्री थ्रोशी जोडून कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी पेपर घेऊन हनुमान टेकडीवर जायचो आणि क वाले शब्द शोधून शोधून मोठ्यांदा वाचायचो. फिरायला येणारे लोक आधी नुसते वळून बघायचे, मग एक आजोबा शेजारी येऊन बसायला लागले, म्हणायचे आज अग्रलेख वाच, माझा चष्मा घरी राहिलाय. त्यांचा चष्मा रोजच घरी राहायचा.

खेळणं सुटल्यावर वॉल्टन टीव्हीवर आला, १९९१ ला एमी हे टीव्हीचं मोठं अवॉर्ड मिळालं, एनबीसी आणि मग ईएसपीएन या चॅनेलवर कितीतरी वर्षं. मध्ये पाठ इतकी गेली की जमिनीवर पडून असायचा, जीव द्यावासा वाटायचा हे त्याने लपवलं नाही. २००९ ला मणक्याचं मोठं ऑपरेशन झालं आणि २०१२ ला परत माइकवर. डेव्ह पॅश या कॉमेंटेटरबरोबर कॉलेजच्या मॅच करायचा तेव्हा खेळ राहायचा बाजूला आणि हा ज्वालामुखी, सायकल, त्याचा लाडका ग्रेटफुल डेड बँड, कुठूनही कुठेही जायचा. खूप जणांना त्याचा राग यायचा. मला कधीच आला नाही, इतकी वर्षं गिळलेलं सगळं बोलून घेतोय असंच वाटायचं. २७ मे २०२४ ला कॅन्सरने गेला, ७१ वर्षांचा होता.

बघायचंच असेल तर १९७७ फायनलची सहावी मॅच बघा, २० पॉइंट, २३ रिबाउंड, ७ असिस्ट, ८ ब्लॉक. आणि रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, घेतल्या घेतल्या पुढे कसा पास फेकतो ते बघा.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका छोट्या टूर्नामेंटला माइक माझ्या हातात दिला होता. फायनलला नेमकी कोथरूडची टीम. दोनदा अडकलो, दोन्ही वेळा थांबून श्वास घेतला आणि परत म्हटलं, कोथरूड.