पन्नाशीनंतरचं पोट आणि तुझी घाई

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. राजारामपुरीतल्या जिममध्ये ट्रेनर म्हणून लागलास, बरं वाटलं. पण सकाळच्या बॅचला येणाऱ्या त्या गुळाच्या अडत्यांबद्दल तू जे लिहिलंस ते खटकलं. "तीन महिने झाले, पोट हलत नाही, चोरून खात असणार." हे तू त्यांच्या तोंडावर बोलला नसशील अशी आशा आहे. तरुणपणी तालमीत अंग घुसळलेला, आता साठीकडे झुकलेला माणूस. अशा माणसाला खोटं पाडण्याआधी त्याच्या पोटातल्या चरबीत काय चाललंय ते नीट समजून घे.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्यात मज्जातंतू असतात, रक्तवाहिन्या असतात आणि रोगप्रतिकारक पेशीही मोठ्या संख्येने राहतात. त्यातल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी. जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणं हे त्यांचं काम. लठ्ठपणात चरबीतली त्यांची गर्दी वाढते, हे 2003 साली अमेरिकेतल्या दोन गटांनी दाखवलं. आणि वय वाढलं की कुठलाही संसर्ग नसताना शरीरात मंद दाह धुमसत राहतो. इटलीच्या क्लाउडिओ फ्रांचेस्की यांनी 2000 साली त्याला 'इन्फ्लेमेजिंग' असं नाव दिलं.

आता मुख्य गोष्ट. राधानगरी धरणाचे दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, तशी चरबी आपोआप सुटत नाही. तिला हुकूम लागतो. माणूस उपाशी असला किंवा धावला की मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरएपिनेफ्रिन हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर पडतं. ते चरबीपेशीवर जाऊन बसतं, आतली एंझाइम्स जागी होतात, साठवलेली चरबी तुटते आणि स्निग्धाम्लं रक्तात उतरतात. तरुण शरीरात हे बिनबोभाट चालतं. येल विद्यापीठात विश्वदीप दीक्षित यांच्या गटानं म्हाताऱ्या उंदरांच्या पोटातली चरबी तपासली, तेव्हा त्यांना मज्जातंतूंना बिलगून बसलेले मॅक्रोफेज दिसले. वय झालेल्या या पेशींत मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एंझाइम वाढलेलं होतं, आणि ते नॉरएपिनेफ्रिनचा वाटेतच फडशा पाडत होतं. हुकूम सुटत होता, पण चरबीपेशीपर्यंत पोचत नव्हता. उंदीर उपाशी ठेवला तरी चरबी सुटेना. दाहाचं यंत्र चालवणारं एनएलआरपी3 नावाचं प्रथिन काढून टाकलं किंवा ते एंझाइम औषधानं अडवलं, तेव्हा चरबी पुन्हा सुटू लागली. हे 2017 साली प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी त्याच गटानं म्हाताऱ्या उंदीर-माद्यांच्या चरबीत बी-पेशी या दुसऱ्या प्रतिकारक पेशींचीही गर्दी दाखवली. ती कमी केल्यावरही चरबी सुटणं सुधारलं.

हे सगळं उंदरांमधलं आहे, आणि हे तू कधीही विसरू नकोस. कुणी विचारलं तर तसंच सांग. आणि चुकूनही "मग ते एंझाइम अडवणारी गोळी घेऊ का" या वाटेला कुणाला जाऊ देऊ नकोस. तसली औषधं आहेत, पण ती नैराश्यासाठी. त्यातल्या जुन्या औषधांवर असताना मुरवलेलं चीज किंवा काही आंबवलेले पदार्थ खाल्ले तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढू शकतो. जिमच्या काउंटरवर ठेवलेल्या 'फॅट बर्नर'च्या डब्यांबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. ते विकून मिळणारं कमिशन घेऊ नकोस.

आणखी एक सवय मोड. "तिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो" असं तुम्ही सगळे सर्रास बोलता. 2021 साली 29 देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांची मोजणी प्रसिद्ध झाली. शरीराची ठेवण हिशोबात धरली तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास सारखाच राहतो, साठीनंतर वर्षाला साधारण 0.7 टक्क्यानं उतरतो. मग चाळिशीत पोट का सुटतं? आपल्या पैलवानांकडे बघ. कुस्ती सुटते, स्नायू ओसरतात, पण खुराकाची सवय सुटत नाही. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दुधाचा पेला रिचवणं हे जोर-बैठका मारणाऱ्या अंगाला पचत होतं. दिवसभर गादीवर बसून सौदे करणाऱ्या अंगाला नाही. त्यात स्वीडनमध्ये वर्षानुवर्षं एकाच माणसांची चरबी तपासून असं दिसलं की वयासोबत चरबीतला साठा बाहेर पडण्याचा वेग मंदावतो, वजन वाढलेलं असो वा उतरलेलं. म्हणजे तुझ्या अडत्यांचं खाणं खरोखर तेवढंच असेल, तरी पोट वाढू शकतं. त्यांच्यावर विश्वास ठेव.

आता उमेद देणारी गोष्ट, आणि ही माणसांवरची आहे. डेन्मार्कमध्ये पोट सुटलेल्या लोकांना बारा आठवडे सायकल मारायला लावली. पोटाच्या आतली चरबी कमी झाली. काहींना त्याच वेळी इंटरल्यूकिन-6 चा संदेश अडवणारं औषध दिलं होतं. त्यांनीही तेवढीच सायकल मारली, पण आतली चरबी काही घटली नाही. हे इंटरल्यूकिन-6 प्रतिकारशक्तीच्या निरोप्यांपैकीच, आणि काम करणारा स्नायू ते रक्तात सोडतो. तेव्हा त्या अडत्याकाकांकडून घाम गाळून घेणं वाया जात नाही. वजनकाटा हलला नाही तरी चालू ठेव.

काटा बाजूला ठेव म्हणतोय ते याचसाठी. शिंप्याची टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, कपड्यावरून नव्हे, अंगावर. काकांना पोट आत ओढू देऊ नकोस. नेहमीसारखा श्वास सोडू दे आणि मग आकडा वाच. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 ही धोक्याची रेघ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के चरबी, याज्ञिकांच्या अंगात 21.2. हे 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या फोटोसकट छापून आलं. म्हणून बॅचमध्ये बारीक दिसणाऱ्या मावशींचीही कंबर मोज.

व्यायामात पहिल्या दिवसापासून ट्रेडमिलवर पळवू नकोस. स्नायू परत आणायचाय. जुना पैलवान आहे म्हणून लगेच शंभर बैठकांवर जाईल, त्याला थांबव. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, मग हलकी वजनं. जेवण नुसतं तोडायला लावलंस तर चरबीबरोबर स्नायूही जाईल. उसळ, अंडी, ताक, पिठलं ताटात राहू दे, भाकरी-भात कमी कर. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर बंदी घालू नकोस, कोल्हापुरात ती कुणी पाळायचं नाही. दुसऱ्या वाटीला मात्र नको म्हण. झोपेचं विचार. मधुमेह असेल तर इन्सुलिन किंवा कुठल्या गोळ्या चालू आहेत ते आधी लिहून घे. उपाशीपोटी व्यायामात साखर एकदम उतरू शकते.

आणि एक. तुझ्या बॅचमधल्या कुणा वयस्क माणसाचं वजन काही विशेष न करता उतरायला लागलं, तर सगळे त्याचं कौतुक करतील. तू करू नकोस. त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे पाठव, आणि गेला का ते पुन्हा विचार.

तुझा,
सर