हरिहरेश्वरला कुत्र्याला नेणार असाल, तर आधी तिसरा माणूस ठरवा

ताई, आपण खारघरहून गाडीने वडिलांच्या पहिल्या वर्षश्राद्धासाठी हरिहरेश्वरला जाणार आहात, त्यांचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर सोबत नेणार आहात आणि राहण्याच्या ठिकाणी फोनवर ‘कुत्रा चालेल’ असे उत्तर मिळाले आहे, हे वाचून मला २०२२ सालचा फाल्गुन आठवला. मीही ठाण्याहून असाच निघालो होतो. फरक इतकाच की श्राद्ध आईचे होते आणि मागच्या सीटवर तिचा गुंड्या, म्हणजे दाट केसांचा स्पिट्झ होता. लसीकरणाची वही, पट्टा, घरचे पाणी या गोष्टी आपण जाणताच, म्हणून त्यांवर लिहीत नाही.

‘चालेल’ या एका शब्दावर मी विसंबलो. ठाण्यातल्या ज्या आरक्षण कार्यालयातून मी खोली घेतली, त्यांनी पूर्ण पैसे आधी घेतले आणि कुत्र्याबद्दल दोनदा विचारल्यावर दोन्ही वेळा ‘हो हो, चालतं’ असे सांगितले. तिथे पोहोचल्यावर कळले की कुत्रा आवारात चालतो, खोलीत चालत नाही, आणि आम्ही बाहेर गेलो की त्याला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधावे लागेल. मी फोन केला, तेव्हा त्याच कार्यालयातल्या गृहस्थांनी ‘तुम्ही खोलीत म्हणाला नव्हतात’ असे ऐकवले. पैसे परत मिळाले नाहीत. तो राग अजून गेलेला नाही, हे कबूल करतो. मात्र पुढे जे घडले त्याचा दोष त्यांचा नाही, माझाच आहे.

शेडमध्ये बांधायचे नाही म्हणून गुंड्याला आम्ही सोबत घेतले आणि गुरुजींच्या घराबाहेर बदामाच्या झाडाखाली, काचा दोन बोटे खाली करून, गाडीत ठेवले. सकाळचे नऊ वाजले होते, हवा बरी होती आणि विधी तासाभरात आटोपेल असे मी गृहीत धरले होते. पत्नी त्याच्यापाशी थांबणार होती, पण गुरुजींनी तिलाही शेजारी बसायला सांगितले आणि अशा वेळी नाही म्हणवत नाही. विधी लांबला आणि सावली सरकली. बाहेर तीस अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत वीस-पंचवीस मिनिटांत चाळीसच्या वर तापमान जाते, आणि काचेच्या दोन बोटांच्या फटीने त्यात फारसा फरक पडत नाही, हे मला नंतर समजले. पंचबलीच्या वेळी पानावर श्वानासाठी घास काढला जात होता, त्याच सुमारास शेजारच्या एक काकू धावत आल्या आणि ‘तुमचं कुत्रं गाडीत कसंतरी करतंय’ म्हणाल्या. ज्याला आई रोज स्वतःच्या ताटातली पोळी घालत असे, तो पन्नास पावलांवर गाडीत भाजत होता आणि मी त्याच्या नावाचा घास दर्भाशेजारी ठेवत होतो.

आम्ही विहिरीचे साधे पाणी त्याच्या पोटावर, जांघेत आणि पंजांवर ओतत राहिलो, वारा घातला आणि ओल्या अंगानेच त्याला श्रीवर्धनला डॉक्टरांकडे नेले. पाणी ओतूनही तिथे त्याचा ताप १०४ भरला. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. तो वाचला, पण त्यानंतर गाडीचे दार उघडले की तो पलंगाखाली जाऊ लागला. आईच्या आवडत्या किनाऱ्यावर त्याला फिरवण्यासाठी केलेल्या त्या प्रवासात त्याचा पंजा वाळूला लागलाच नाही, आणि उरलेला विधी गुरुजींनी संध्याकाळी माझ्याकडून उरकून घेतला.

म्हणून माझे मत थोडे आग्रही आहे: विधीला बसणाऱ्यांखेरीज एक तिसरा माणूस न्या, ज्याच्याकडे कुत्र्याशिवाय दुसरे काहीही काम नसेल. भाचा, शेजारी, कोणीही चालेल. तसा माणूस मिळत नसेल, तर श्राद्ध घरी करावे आणि सहल वेगळ्या दिवशी काढावी, असे मी म्हणेन. काहींना हे पटणार नाही, आणि शास्त्र काय सांगते ते आपल्या गुरुजींनाच विचारावे. मी पशुवैद्य नाही, हेही ध्यानात असू द्यावे. राहण्याच्या ठिकाणी मात्र कुत्रा रात्री नेमका कुठे झोपेल, हा एकच प्रश्न विचारून उत्तर लेखी मागवावे, आणि तेही आरक्षण घेणाऱ्याकडून न मागता प्रत्यक्ष जागेच्या मालकाकडून मागावे. ज्या गावात कुत्रा वाहन असलेल्या काळभैरवाचे दर्शन आधी घ्यायचे, त्याच गावात कुत्र्याला शेड दाखवली जाते, यावर मी आता चिडणे सोडून दिले आहे.

वाटेबद्दल इतकेच की माणगावनंतर म्हसळ्याकडे रस्ता वळणावळणाचा आहे, तेव्हा निघण्याआधी तीन-चार तास त्याला जेवण देऊ नये. संध्याकाळी गवताच्या कडेने फिरवताना हातात विजेरी ठेवावी, कारण कोकणात फुरशी, म्हणजे छोटे विषारी साप, आहेत आणि कुत्रा आधी नाकच पुढे करतो. खडकातल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर त्याला अजिबात नेऊ नये. तिथल्या लाटा माणसालाही ओढतात.

आपण तिथी मार्गशीर्ष वद्य चतुर्थी लिहिली आहे. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चार तिथींची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. तेव्हा वडिलांच्या कुत्र्याला त्या दिवशी सात ते नऊ या वेळात वाळूवर नेता येईल, वाळू तापायच्या आत, आणि विधी त्यानंतर ठेवता येईल का, हे गुरुजींना आत्ताच विचारून घ्यावे.