रथसप्तमीचे १०८ सूर्यनमस्कार

प्रश्न : टोरांटोत आमचं मंडळ रथसप्तमीला देवळाच्या सभागृहात १०८ सूर्यनमस्कार घालतं. गेल्या वर्षी पन्नाशीतल्या अनेकांची मनगटं धरली. काय चुकलं असेल?

उत्तर : बहुधा सराव कमी पडला. सहा आठवडे आधी रोज १२ पासून सुरुवात करा, दर आठवड्याला १२ वाढवा. त्या दिवशी १२ ची नऊ आवर्तनं, मधे मिनिटभर विश्रांती. एका नमस्काराला २० सेकंद धरले तर सगळं पाऊण तासात होतं; त्याहून घाई नको.

मनगट दुखतं ते तळव्याच्या मागच्या कडेवर भार पडल्याने. बोटं फाका आणि तर्जनीचं मूळ जमिनीवर दाबून ठेवा. जाड गालिच्यावर हात रुततो, मनगट जास्त वाकतं; म्हणून लाकडी जमीन आणि पातळ चटई बरी. साष्टांग नमस्कारात गुडघे आपटू नका, आधी अलगद टेकवा. बाहेर बर्फ असतो, तेव्हा दहा मिनिटं सांधे मोकळे करणं अजिबात टाळू नका!

‘ॐ मित्राय नमः’पासूनच्या सूर्याच्या बारा नावांपैकी एकेक नाव प्रत्येक नमस्काराआधी उभं राहून म्हणा, वाकताना नव्हे. तिथे वाढलेल्या मुलांना नावांचे अर्थही सांगा. रक्तदाब जास्त असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.