रात्री एक वाजता बंद केलेला मेन स्विच

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही भोसरीच्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकीय आज्ञांवर चालणाऱ्या यंत्रांच्या) विभागाचे सुपरवायझर आहात, मुलगा संगणक डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला ६४ टक्के गुण आहेत. तो रात्र-रात्र काळ्या पडद्यावर 'व्हर्श स्टार्ट' असे काहीतरी टाइप करून संगणकात संगणक चालवतो, तेव्हा या 'ऑपरेटरच्या कामा'तून त्याला बाहेर कसे काढावे, असा तुमचा प्रश्न आहे. मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलेल्या ओळीची: मागच्या आठवड्यात रात्री एक वाजता तुम्ही त्याच्या खोलीचा मेन स्विच बंद केला आणि तेव्हापासून तो तुमच्याशी बोलत नाही.

त्याने झोपायला हवे होते, हे मला मान्य आहे. परंतु प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या अशा संगणकाला, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम आणि स्वतःची डिस्क असते, आणि त्या डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज गेली तर अनेक दिवसांचे काम खराब होऊ शकते. जॉब चालू असताना तुमच्या यंत्राचा मेन स्विच कोणी पाडला असता, तर तुम्ही त्याला काय सुनावले असते? शिवाय हिंजवडीत नोकरी करणाऱ्या चुलतभावाचे नाव तुमच्या पत्रात चार वेळा आले आहे, आणि मुलाला स्वतःला काय आवडते हे एकदाही आलेले नाही.

माउसने होते ते आधुनिक आणि टाइप करावे लागते ते मागासलेले, हा तुमचा समज मुळातच चुकीचा आहे. डेटा सेंटरमधल्या सर्व्हरला बहुधा पडदाच जोडलेला नसतो. दूर बसलेला माणूस आज्ञा लिहूनच तो चालवतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात २००७ पासून असलेल्या केव्हीएम या सोयीच्या आधाराने एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात, आणि आधी डेटाबेसचे मशीन, ते तयार झाल्यावर वेबसाइटचे, हा क्रम एकदा स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या यादीत, लिहून ठेवला की तो दर वेळी तसाच पाळला जातो. तुम्हीही जी-कोड, म्हणजे यंत्रासाठीच्या आज्ञा, लिहिता आणि यंत्र शेकडो सारखे भाग काढते; हाताने चाक फिरवणे त्याहून प्रगत आहे, असे तुम्ही कधीच म्हणणार नाही.

इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) होतो, म्हणून त्याने टक्के वाढवावेतच. आरएचसीएसए ही रेड हॅट कंपनीची लिनक्सची परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर काम करून द्यावी लागते, तिची तयारी तो नकळत करतो आहे.

कोणताही नवा क्लास लावू नका. आधी त्याची माफी मागा, मग त्याच्या शेजारी बसून एक मशीन सुरू करून दाखवायला सांगा, आणि ते बंद करताना 'शटडाउन' व 'डिस्ट्रॉय' या व्हर्शच्या दोन आज्ञांत फरक काय, हे विचारा. तो सांगेल की शटडाउन ही आतल्या सिस्टीमला आवरून घेण्याची विनंती असते, आणि डिस्ट्रॉयने मशीन पुसले जात नाही, फक्त त्याची वीज एका झटक्यात तोडली जाते. त्या रात्री तुम्ही काय केलेत, हे तुम्हाला त्याच्याच तोंडून कळेल.