दुसऱ्यांच्या फौजेत

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काँगोच्या शांतिसेनेत तुझी निवड झाल्याचं वाचून बरं वाटलं. परक्या अधिकाऱ्यांत कसं वागावं, असं विचारलंयस. माझे किस्से तुला पाठ आहेत, म्हणून आज लाफायेतचं सांगतो.

हा फ्रेंच सरदार १९ वर्षांचा असताना, १७७७ साली, इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात लढायला स्वतःच्या पैशाने जहाज घेऊन अमेरिकेत उतरला. लढाई कधी पाहिलेली नाही. मोठे हुद्दे मागणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्यांना तिथली काँग्रेस (म्हणजे वसाहतींची प्रतिनिधीसभा) इतकी विटली होती, की यालाही तिने दारातूनच वाटेला लावायचं पाहिलं. तो म्हणाला, पगार नको, स्वयंसेवक म्हणून घ्या. (घरचा गडगंज होता, त्याला परवडलं.) हुद्दा मेजर जनरलचा मिळाला, हाताखाली मात्र पलटण नाही. फाटकी फौज दाखवताना सरसेनापती वॉशिंग्टन ओशाळला, तर याचं उत्तर, मी शिकायला आलोय, शिकवायला नाही. सप्टेंबरात ब्रँडीवाइनच्या लढाईत, पळणाऱ्या शिपायांना आवरताना पोटरीत गोळी बसली. डिव्हिजन मिळाली ती त्यानंतर, डिसेंबरात.

इथवरचं कोणत्याही शूर पोराला जमेल. मला महत्त्वाचं वाटतं ते न्यूपोर्ट, बेटावरचं इंग्रजांच्या ताब्यातलं बंदर, ऑगस्ट १७७८. तोवर फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला होता आणि अ‍ॅडमिरल देस्तँचा ताफा मदतीला आला होता. दोन्ही फौजांनी मिळून १० तारखेला हल्ला करायचा, असं ठरलेलं. अमेरिकन सेनापती सलिव्हनला इंग्रजांनी सोडलेली ठाणी दिसली आणि तो ९ तारखेलाच बेटावर उतरला. फ्रेंच दुखावले. मग इंग्रज आरमार दिसलं, देस्तँ त्याच्यामागे समुद्रात गेला, वादळाने जहाजं मोडली आणि तो दुरुस्तीसाठी बॉस्टनला निघाला. अमेरिकन सेनानींनी फ्रान्सच्या अब्रूवर घसरणारं निषेधपत्र लिहिलं. लाफायेतने सही केली नाही, सलिव्हनला तोंडावर सुनावलं. इतकं कुणीही करेल. पण पुढे त्याच सलिव्हनच्या फौजेसाठी तो घोड्यावरून सात तासांत सुमारे ७० मैल तोडून देस्तँकडे गेला. ताफा काही परत आला नाही. मधल्या काळात २९ तारखेची लढाई झाली, तीही हुकली. परत येऊन त्याने माघारीची पिछाडी सांभाळली. निरोप्याच्या कामात नाव होत नाही. तुझ्या वाट्याला बहुधा हेच काम येईल.

निरोप पोचला नाही तर काय होतं, याचं आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. याच अमेरिकन युद्धात, १७८१ साली, यॉर्कटाउनला ज्याची फौज शरण आली तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणासमोर उपासमारीने हैराण होता. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मदतीला येत होते, पण टिपूच्या स्वारांनी निरोपच पोचू दिले नाहीत. कॉर्नवॉलिसने वेढ्याच्या तोफा स्वतःच नष्ट केल्या आणि मागे फिरला. त्यानंतर काही दिवसांतच मराठे येऊन मिळाले. त्यांच्या छावणीतल्या बाजाराने त्याची माणसं जगली, अर्थात चढ्या भावाने!

मेसमध्ये कुणीतरी भारताबद्दल वाकडं बोलेलच. उत्तर त्याच टेबलावर दे, घरच्या ग्रुपवर नको. आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर गस्तीचा नकाशा नीट लाव.

लाफायेत जहाजावरच इंग्रजी शिकायला बसला होता. तुला काँगोत फ्रेंच लागेल, निघेपर्यंत रोज तासभर दे. माझ्याकडे जुनं व्याकरण आहे, रविवारी येऊन घेऊन जा.