जुन्या टाटा ४०७ ट्रकची हेड गॅस्केट वर्षात दोनदा गेली. नवीन हेड टाकावं, की आहे तेच करून घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९७ ची ४०७, वर्षात दोनदा हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट गेली, मिस्त्री म्हणतो नवीन हेड टाका आणि जमलं तर टर्बोही बसवून घ्या. पुण्यात हे काम नीट कसं करून घ्यायचं?

मी भोसरीत हेडच्याच कामावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी उलटा प्रश्न विचारतो. काढलेली गॅस्केट कुठे आहे? भंगारात टाकली असेल तर अर्धा पुरावा गेला. दोन सिलिंडरच्या मधली पट्टी जळून काळी पडलेली असेल तर हेड वाकलंय किंवा बोल्ट नीट आवळले नव्हते. पाण्याच्या भोकाभोवती कुजलेली असेल तर दोष पाण्याचा. कारण न शोधता नवीन हेड बसवलंत, तर तिसरी गॅस्केटही जाईल, फक्त जास्त पैसे घालवून.

आमच्याकडे येणाऱ्या हेडमध्ये पाण्याची जागा उघडली की पहिल्यांदा दिसतो तो क्षार. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलेलं असतं. एक्झॉस्ट वाल्व्हच्या मागे तो पापुद्रा साचतो, तिथली उष्णता पाण्यात जात नाही आणि बीड, म्हणजे हेडचं ओतीव लोखंड, दोन सीटच्या (वाल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या) मधे तडकतं. दुसरी आवडती चूक म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकणं, 'इंजिन थंड राहतं' म्हणून. ज्या इंजिनात बायपास आहे तिथे थर्मोस्टॅट नसला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं. सपाटीवर कळत नाही, खंबाटकी घाट चढताना लोड असला की काटा वर. त्यात पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे रेडिएटरचं झाकण दाब धरत नसेल तर हाताशी काही उरत नाही.

आता हेड. मुळात तुमचं इंजिन सुधारण्याजोगं आहे. ४०७ मधलं ४९७ इंजिन म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास). पिस्टनचा स्ट्रोक १०० मिमी धरला की २,९५६ सीसी. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९८६ साली ४०७ आणली, त्यामुळे या इंजिनावर हात बसलेली माणसं पुण्यात अजून सापडतात आणि नाना पेठेत सुटे भागही मिळतात. बिडाचं हेड सहसा टाकून द्यावं लागत नाही, पण एका अटीवर: आधी क्रॅक टेस्ट. थंड पाण्यात दाब देऊन 'ओके' म्हणणाऱ्याकडे थांबू नका. गरम पाण्यात करा, कारण बऱ्याच भेगा बीड तापल्यावरच उघडतात. सीटच्या मधून भेग पाण्यापर्यंत गेली असेल तर माझ्या मते वेल्डिंगच्या नादी लागू नये. बीड नीट वेल्ड करायचं तर आख्खं हेड भट्टीत तापवून हळूहळू थंड करावं लागतं. रस्त्यावरच्या वेल्डिंगने भेग शेजारी सरकते, एवढंच.

खरी गोम फेसिंगमध्ये आहे. मिस्त्री म्हणतो, "हेड वाकलंय, फेसिंग मारून आणतो." म्हणजे हेडचा तळ मशीनवर कापून सपाट करणं. पण या इंजिनात जळायची जागा पिस्टनच्या खड्ड्यात असते आणि हेडचा तळ सपाट असतो. तळ ०.३ मिमी कापला की वाल्व्हची तोंडं तितकीच पिस्टनजवळ येतात आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलचं टोकही तितकंच पुढे येतं. उमेदवारीच्या दिवसांत मी एक हेड असंच फेसिंग करून दिलं, वाल्व्हची खोली न मोजता. गाडी चालू झाली ती टकटक करतच. उघडलं तर चारही पिस्टनवर वाल्व्ह आपटून चंद्रकोरी उमटलेल्या. त्या दिवशी मालकांनी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

उलट बाजूही आहे. सीट वारंवार कापल्या की वाल्व्ह आत बुडतात. तुमच्या एका सिलिंडरचे ७३९ सीसी, साधारण १७ पट दाबायचे म्हणजे शेवटी उरते ती जागा ४६ सीसीच्या आसपास. दोन्ही वाल्व्ह मिलिमीटरभर बुडाले तर त्यात दोन-अडीच सीसीची भर पडते, आणि जानेवारीच्या सकाळी गाडी स्टार्ट होताना रडते. म्हणून फेसिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा डायल गेजने प्रत्येक वाल्व्हची खोली मोजून कागदावर मागा. मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. नोझलचं टोक तांब्याच्या वॉशरची जाडी बदलून जागेवर आणता येतं.

'अपग्रेड' म्हणाल तर माझ्या हिशोबात ते एवढंच: एक्झॉस्टला कडक सीट रिंग, नवे गाईड (वाल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या), नवे स्टेम सील, नोझल टेस्ट करून दाब लावलेले. क्रम मात्र चुकू देऊ नका. आधी गाईड, मग सीट, कारण सीट कापायचं हत्यार गाईडमध्येच उभं राहतं. जुन्या ढिल्या गाईडवर सीट कापली तर ती तिरकी बसणार, मग वर कितीही लॅपिंग करा. वाल्व्ह बसवल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून थोडा वेळ थांबायचं. खाली थेंब दिसला तर काम परत.

टर्बोचं सरळ सांगतो: नको. ज्या पिस्टनला तेलाचा फवारा नाही, ज्याचा पंप त्यासाठी लावलेला नाही, त्यावर टर्बो म्हणजे पुढच्या गॅस्केटची सोय. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. पासिंगला अडकाल ते वेगळंच.

बसवताना ब्लॉकचा वरचा सपाट भागही पट्टी आणि फीलर लावून तपासायला सांगा; हे बहुतेक जण विसरतात. बोल्टच्या भोकांत तेल-पाणी राहिलं तर आवळताना ब्लॉक फुटू शकतो, ती हवेने साफ करा. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळायचे. 'हाताचा अंदाज आहे' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि रेंच आणायला पाठवा. गॅस्केट पुन्हा आवळायच्या प्रकारची असेल तर इंजिन एकदा तापून थंड झालं की पुन्हा आवळा आणि त्यानंतर टॅपेटचं अंतर नव्याने लावा. हेड जरा खाली बसतं, मग आधीचं अंतर राहत नाही.

पाण्यात कूलंट, थर्मोस्टॅट जागेवर, झाकण नवं. मग रिकामी गाडी घेऊन कात्रजचा घाट चढून या आणि वर थांबून काटा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू केल्या केल्याच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर गॅस अजून पाण्यात जातोय. तसं झालं तर जुनी गॅस्केट घेऊनच या.