टोळीत उतरण्याआधी कंबरेविषयी थोडं

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून मार्केट यार्डात हमालांच्या टोळीबरोबर उतरणार, असं कळलं. वजनापेक्षा ते अंगापासून किती लांब आहे, हे आधी बघायला शीक. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवरून ओढतात. 50 किलोचा कट्टा, म्हणजे भरलेली गोणी, वाकून 40 सेंटिमीटरवर धरलास, तर त्यांना 400 किलोचा जोर लावावा लागतो. धडाचं वजन वेगळंच. तोच पोटाशी घेऊन 20 वर आणलास की जोर निम्मा.

म्हणून जमिनीवरचा कट्टा एकट्याने उचलायचा नाही, अंगात कितीही रग असो. दोघांनी दोन्हीकडचे कान धरायचे, एक पाय पुढे, गुडघ्यात वाकायचं आणि एकाच हाकेला उचलायचं. एकाने घाई केली की दुसऱ्याच्या कंबरेला हिसका बसलाच. पाठीवर घ्यायचा तर गाडीच्या फाळक्यावरून किंवा छातीएवढ्या थप्पीवरून घे. थप्पीचे तळचे थर सगळ्यात वाईट. खाली लाकडी पॅलेट टाकायला मुकादमाच्या मागे लाग.

कंबर जाते ती बहुतेक थप्पी रचताना. जागा हाताशीच असते, म्हणून पाऊल न उचलता कंबरेतूनच वळतात. वाकणं आणि पीळ एकदम आले की मणक्यांमधल्या चकतीचं आवरण फाटू शकतं. उभा राहतोस तिथून थप्पी दोन पावलं लांब ठेव, म्हणजे पाय उचलावाच लागेल.

पहाटेची गाडी असेल तर आणखी जप. झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर तासभर वाकणं त्यांना जड जातं. तेवढा वेळ हातगाडी ढकल, वरचे थर घे. हातगाडीची लाज नको: अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही एकट्याने उचलायची मर्यादा 23 किलो धरली आहे, म्हणजे आपल्या कट्ट्याच्या निम्म्याहून कमी.

कमरपट्ट्याने दुखापत टळते, याला भक्कम पुरावा नाही. पैसे घालायचेच तर न घसरणाऱ्या बुटांत घाल; कांद्याच्या ओल्या पातीवर चप्पल सरकली की ओझ्यासकट कंबर पिळवटते.

उसण भरलीच तर पायाळू माणसाची लाथ खायला जाऊ नकोस. एक-दोन दिवस ओझं बंद, पण अंथरूण धरू नकोस, थोडं चालत राहा. पाऊल लुळं पडलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

आणि माथाडी मंडळात नाव नोंदलंय का, ते सोमवारीच विचार.

तुझा,
मामा